घरात कूलर आहे की!

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी येते तेव्हा तिच्याबरोबर तिचा धाकटा येतो, आणि धाकट्याबरोबर धुळ्याचं मत येतं. जळगावात काहीही घ्यायचं म्हटलं की धुळ्याचं त्यावर मत असतंच. हा हिशेब जुना आहे. १९०६ साली इंग्रजांनी खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले. त्याआधी अख्ख्या खानदेशाची मोठी कचेरी धुळ्याला होती, आणि आमच्या दाजींच्या बोलण्यात ती अजून तिथून हललेली नाही.

यंदाचं मत कॉम्प्युटरवर होतं. आमचे चिरंजीव बारावीची परीक्षा देऊन मोकळे झाले होते. इंजिनीअरिंगला कॉम्प्युटर लागतो, हे त्यांनी आपल्या आईला माघातच पटवून ठेवलं होतं. त्या 'लागतो'मध्ये गेमिंग कुठे दडलंय, हे मला फार उशिरा कळलं. अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला, स्वयंपाकघरात खापरावर पुरणपोळ्या पडतायत, रसाचं पातेलं फ्रिजमध्ये, आणि ही आते-मामे भावंडं आतल्या खोलीत पालथी पडून कागदावर यादी करतायत. मला वाटलं, बहिणीनं किराणा सांगितला असेल.

यादी हातात घेतली. आय-फाइव्ह १२४००एफ, बी ६६०, १६ जीबी, ७५० वॅट गोल्ड, मेश कॅबिनेट, कूलर, कार्ड, १४४ हर्ट्झ, असं काय काय. सगळ्या कागदावर तीन शब्द ओळखीचे निघाले: गोल्ड, कूलर आणि कार्ड. बाकीच्या शब्दांनी मला काडीचा त्रास दिला नाही, कारण त्यांचा अर्थ मी विचारला. वाट लावली ती या ओळखीच्या तिघांनी.

"कूलर कशाला?" मी म्हणालो. "घरात कूलर आहे की!"

दोघं एकमेकांकडे बघून असे हसले की मला जागेवर पन्नाशी लागली.

आमचा कूलर म्हणजे खिडकीशी लोखंडी घोडीवर बसवलेला पत्र्याचा डबा. होळी झाली की त्याचं गवत बदलायचं, मोटारीला तेल द्यायचं, टाकीतला मागच्या वर्षीचा चिखल खरवडायचा. चालू केला की आधी पाच मिनिटं धूळ, मग ओल्या गवताचा वास, मग हवा. तो चालू असताना एका खोलीतल्या दोन माणसांना एकमेकांचं ऐकू येत नाही. आमच्या लग्नाला २२ वर्षं झाली, त्यातले २२ उन्हाळे त्याच्यामुळे शांततेत गेले.

"हाऊ तो कूलर नही, मामा," भाचा म्हणाला, आणि मला घेऊन बसला.

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. तो तापतो. त्याच्या डोक्यावर धातूच्या पट्ट्यांचा एक ठोकळा बसवतात आणि त्यावर पंखा. ठोकळा आणि प्रोसेसर यांच्यामध्ये वाटाण्याएवढी पेस्ट लावायची, म्हणजे मध्ये हवा राहत नाही. इथवर ठीक. पण पंख्याची एक गोम आहे. तो काही थंडी तयार करत नाही, खोलीतली हवाच फिरवतो. त्यामुळे प्रोसेसर खोलीपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. आणि या वस्तूंची परीक्षा घेणारी मंडळी ती २०-२५ अंशांच्या खोलीत बसून घेतात. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४५, आणि स्लॅबखालच्या त्या खोलीत ४०च्या आसपास. प्रोसेसर १०० अंशांपर्यंत तग धरतो. म्हणजे आमच्या घरात तो पेपर लिहायला बसण्याआधीच त्याला ४० मार्क मिळालेले असतात, फक्त ही परीक्षा उलटी आहे, १०० पडले की नापास.

"१००च्या वर गेला तर जळतो?"

"जळत नाही. स्वतःच हळू होतो."

हे मला एकदम पटलं. जळगावात दुपारी १२ ते ४ कोण जोरात चालतं? दाणाबाजारातला हमालसुद्धा सावलीत टेकतो. अमेरिकेत बसून चिप काढणाऱ्यानं एवढी गोष्ट आमच्या हवामानाला धरून केली होती.

यावर भाच्यानं पाण्याचा कूलर सुचवला. प्रोसेसरवरून नळ्यांमधून पाणी फिरवायचं आणि ते पंख्यांसमोर नेऊन निववायचं. किंमत ऐकून मी नको म्हणालो, तर बहिणीबरोबर आलेले दाजी मध्ये पडले. पाणी नळातून खेळवायची विद्या मूळ आमच्याकडचीच, म्हणाले; विश्वेश्वरय्या १८८४ साली सरकारी बांधकाम खात्यात लागले ते सुरुवातीच्या काळातच खानदेशात आले, आणि पांझरेच्या एका पात्रापार त्यांनी पाण्याचा सायफन टाकला. ही गोष्ट खरी आहे. पण तिचा आमच्या आतल्या खोलीशी काय संबंध? मी म्हणालो, "दाजी, नळी गळली तर? आमच्या जिल्ह्याचं नाव ठिबकमुळं झालंय, मान्य. पण ते केळीला. मदरबोर्डला ठिबक नको." साधा पंख्याचा कूलर ठरला. धुळे माघारी फिरलं, पण तेवढ्यापुरतंच.

कॅबिनेटवर मात्र माझं चाललं. पोराला पुढून अख्खी काच असलेलं हवं होतं. मी त्याला आमच्या गावाकडच्या धाब्याच्या घराची आठवण दिली. जाड मातीच्या भिंती, समोरासमोर दारं, वर झरोका. हवा पुढून शिरायची आणि मागून निघायची. काचेच्या घरात उन्हाळा कोण काढतं? भाचा म्हणाला, मामा बरोबर म्हणतात, पुढे जाळीच हवी. आयुष्यात पहिल्यांदा मी तांत्रिक बाबतीत बरोबर निघालो होतो. त्या भरात मी जाळीतून धूळ येईल असंही बोलून गेलो, तर जाळीच्या आत आणखी एक जाळी असलेलं कॅबिनेट ठरलं आणि बाराशे रुपये वाढले.

आता गोल्ड.

शेजारचे अप्पा सगळी हयात सराफ बाजारात पेढीवर होते. आखाजीला रस खायला आले आणि त्यांच्या कानावर 'गोल्ड घ्यायचंय' पडलं. मुहूर्ताचा दिवस, तेव्हा त्यांनी ताट बाजूला सारलं.

"किती कॅरेट?"

"८० प्लस," भाचा म्हणाला.

अप्पांनी डोळे मिटले. पेढीवर ८० हा आकडा त्यांनी कधी ऐकला नव्हता.

मग भाच्यानं समजावलं. एसएमपीएस म्हणजे घरातली वीज घेऊन कॉम्प्युटरच्या प्रत्येक भागाला त्याच्या मापानं देणारा डबा. देता देता थोडी वीज उष्णतेत वाया जाते. निदान ८० टक्के तरी आत पोचली पाहिजे, म्हणून ८० प्लस. त्यातही ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या. गोल्डवाल्यात निम्म्या भाराला १००तले ९० पोचतात. त्यात सोनं गुंजभरही नसतं.

"म्हणजे घट १० टक्के," अप्पा म्हणाले. "आणि याला गोल्ड म्हणता? एवढी घट आमच्या शेटजींनी एक दिवस धरली असती, तर दुसऱ्या दिवशी पेढीला कुलूप." आणि पुन्हा रसाकडे वळले. त्यांच्या लेखी विषय संपला होता. माझ्या घरात तो तेव्हा सुरू झाला, कारण आखाजीला गोल्ड घेतोय एवढंच अर्धवट वाक्य स्वयंपाकघरापर्यंत पोचलं होतं. पुढचा तपशील मी इथे देत नाही.

त्या ७५०नं मलाही घाबरवलं होतं. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. म्हणजे पोरगा गेम खेळणार आणि मीटरला वाटणार विहिरीवरची मोटार चालू आहे! इथे दाजी कामाला आले. त्यांची शेती पांझरेकाठी, फडावर. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटावर फड, आणि पाळीपाळीनं पाणी सोडणारा पाटकरी. बंधारा किती मोठा हा एक प्रश्न, पाटकरी किती सोडतो हा दुसरा, म्हणाले. ७५० हा बंधारा. पिकाला ३०० लागले तर ३००च जाणार. बंधारा काठोकाठ मोकळा करून पीक कोण घेतं? हे इतकं सरळ मला त्या डब्याच्या खोक्यावरच्या इंग्रजीतून कळलं नसतं.

रॅमचंही तसंच. १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्याव्यात, काम दुप्पट वाटेनं चालतं. कुळवाला एक दांडगा बैल जुंपण्यापेक्षा मध्यम जोडी बरी, हे आम्हाला कोणी सांगायला नको. एक पट्टी चपळ आणि एक मंद घेतली, तर जोडी मंदाच्या चालीनं चालते. पोळ्याला हे सगळं गाव बघतं. फक्त बैलबाजारात एक सोय असते: आज भाव पटला नाही तर पुढच्या बाजाराला जाता येतं. रॅमचं नेमकं उलट होऊन बसलंय. २०२५च्या शेवटापासून जगातल्या मोठ्या कंपन्या आपला माल एआयच्या सर्व्हरकडे वळवायला लागल्या, घरगुती रॅम कमी पडली आणि भाव चढले. रॅम बनवणारे मोठे तिघेच, सॅमसंग, हायनिक्स आणि मायक्रॉन. तेव्हा घासाघीस करायची कोणाशी? आमचा केळीवाला निदान रोज सकाळी भाव सांगून तरी मारतो.

आणि बॉटलनेक. हा शब्द पोरगा दिवसातून दहा वेळा उच्चारायचा. ग्राफिक कार्ड जोरदार आणि प्रोसेसर किरकोळ घेतला, तर कार्ड नुसतं वाट बघत बसतं. मी म्हटलं, म्हणजे पूर्वीचा कन्नड घाट. चाळीसगावपर्यंत ट्रक कितीही जोरात आणला, तरी घाटात एक कंटेनर आडवा झाला की सगळे जेवणाचे डबे उघडून बसायचे. पोराला उपमा आवडली. पुढे आठवडाभर घरात 'याला घाट लागेल का' एवढंच बोलणं चालू होतं.

आखाजी संपली, बहीण धुळ्याला गेली, भाचा गेला. यादी राहिली. यादीत चूक नव्हती, हे मी आधीच कबूल करतो. तशी ती जर घेतली असती तर हा लेख झाला नसता.

आम्ही बापलेक गोलाणी मार्केटात गेलो. तिथे मोबाइलच्या कव्हरांच्या भिंतींमधून वाट काढत आपल्या दुकानापर्यंत पोचेस्तोवर तीन जणांनी स्क्रीन गार्ड बदलून घ्यायचा आग्रह केला. दुकानदार भला माणूस. यादी बघितली, मान डोलावली, कॅल्क्युलेटर ओढला. रॅमपाशी त्याचं बोट थांबलं. "काका, हा भाव कधीचा लिहिलाय?" पंधरा दिवसांपूर्वीचा होता. नवा आकडा ऐकून मी खुर्चीवर बसलो. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून एकूण बेरीज माझ्या मनातल्या आकड्याच्या इतकी पुढे गेली होती की तिथून तो दिसतही नव्हता.

काहीतरी कापायला हवं होतं. मी यादीवरून नजर फिरवली आणि सगळ्यात महाग ओळ शोधली: ग्राफिक कार्ड. "हे पुढच्या पगाराला," मी म्हणालो आणि त्यावर रेघ मारली. पोराचा चेहरा पडला, पण कॉम्प्युटर आज घरी येतोय म्हटल्यावर सावरला आणि दिव्यांचे कीबोर्ड बघायला पलीकडे गेला.

दुकानदार खोकी काढत होता. प्रोसेसरचं खोकं हातात घेऊन त्यानं विचारलं, "एफवाला आहे हा. काका, कार्ड आहे ना तुमच्याकडे?"

"आहे की," मी म्हणालो आणि खिशातून एटीएमचं कार्ड काढलं.

त्यानं ते मशीनला लावलं. माझ्या बाजूनं आणि त्याच्या बाजूनं, दोन्हीकडून व्यवहार चोख झाला होता.

घरी दोन दिवस जोडणी चालली. पोरानं मन लावून केली हे सांगायला हवं. स्क्रू एका वाटीत, वायरी रबरबँडमध्ये. अंगात विजेचा झटका साठू नये म्हणून तो मिनिटामिनिटाला लोखंडी कपाटाला हात लावायचा. माझ्या आईला वाटलं नवस बोलतोय. पेस्टीचा वाटाणा पाडायच्या वेळी घरातले सगळे पंखे बंद केले होते. भरताच्या वांग्याला सुरी लावतानाही आमच्याकडे इतकी शांतता नसते. गुरुवारी संध्याकाळी मुहूर्त धरला. अप्पा आले, समोरच्या काकू आल्या, आईनं कॅबिनेटला हळद-कुंकू लावलं, जाळीत जाणार नाही अशा बेतानं. नारळ बाहेर ओट्यावर फोडला. पोरानं बटण दाबलं.

काय शोभा! पंखे फिरायला लागले, आत लाल, हिरवे, निळे दिवे धावायला लागले, काकूंनी हात जोडले. मॉनिटर मात्र काळाच. थोड्या वेळानं त्यावर 'नो सिग्नल' अशी पाटी आली, इकडून तिकडे तरंगली आणि विझली.

"असं चालू होतं का?" अप्पांनी विचारलं.

वायर काढून लावली. रॅमची बैलजोडी काढून पुन्हा जुंपली. मॉनिटर टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सला लावून बघितला, तर त्यात कृषिविषयक चर्चा स्वच्छ दिसली. प्रसाद वाटून झाला, मंडळी 'होईल होईल' म्हणत पांगली, आणि रात्री साडेदहाला पोरानं धुळ्याला व्हिडिओ कॉल लावला.

भाच्यानं दोन सेकंद कॅबिनेटकडे बघितलं. "मामा, कार्ड कोठे शे?"

"कपाटात," मी म्हणालो. "पिन नंबर तुझ्या मामीला माहीत आहे."

मग जे हसू फुटलं त्यात दाजींचा आवाज मला स्पष्ट ओळखू आला. १२४००च्या मागे जो एफ आहे, त्याचा अर्थ या प्रोसेसरला स्वतःचं चित्र दाखवायची सोय नाही. तो दोन पैसे स्वस्त म्हणूनच घ्यायचा, पण सोबत ग्राफिक कार्ड असेल तरच. मी यादीतल्या एका ओळीवर रेघ मारली होती. ती ओळ दुसऱ्या ओळीचे डोळे होती. मेंदू शाबूत, हातपाय शाबूत, हृदय गोल्डचं, आणि दृष्टी पुढच्या पगाराला.

धुळ्याला अशी संधी शंभर वर्षांत आली नसेल. दुसऱ्याच दिवशी देवपुरातल्या कोणा मित्राच्या मित्राकडून जुनं कार्ड मिळवल्याचा निरोप आला. आरटीएक्स ३०६०, १२ जीबी. हे कार्ड २०२१ साली बाजारात आलं तेव्हा क्रिप्टोवाल्यांनी झुंबड घातली आणि छापील किमतीच्या दुपटीनं विकलं गेलं. दिवसरात्र नाणी खणत बसायचं ते. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम नावाच्या नाण्यानं खणायची रीतच मोडीत काढली आणि खाणीतली ही सगळी कार्डं जुन्या बाजारात आली. त्यामुळे मी विचारलं, खाणीतलं तर नाही ना? भाचा म्हणाला, छे, फक्त गेम खेळायला वापरलंय, तेही सुटीत. हे मी ओळखतो. जुन्या बाजारातली प्रत्येक मोटारगाडी एका डॉक्टरांचीच असते आणि ते फक्त दवाखान्यात जायला वापरायचे.

कार्ड एसटीनं आलं. भाच्यानं ते टॉवेलात गुंडाळून, पिशवीत घालून, मांडीवर घेऊन आणलं. पारोळ्याला एका आजींनी 'बाळ किती महिन्यांचं' असं विचारल्याचं तो सांगतो. धुळ्याच्या माणसाचं सगळंच खरं धरू नये. पण स्टँडवर उतरला तेव्हा पिशवी ज्या हातानं धरली होती, त्यावरून आजींची चूक मला क्षम्य वाटली.

चित्र आलं. गेम सुरू झाला. कोणीतरी कोणाला तरी गोळ्या घालत होतं आणि त्याच्या बुटाला लागलेला चिखलसुद्धा दिसत होता. पोरगा कोपऱ्यात एक छोटा आकडा बघत होता: ७८. ८४. ८९. दुपारचे तीन वाजले होते. ९३ झाल्यावर भाचा उठला, त्यानं खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाला, "मामा, तो कूलर आणा."

"कोणता?"

"तुमचा. पत्र्याचा."

आम्ही तिघांनी मिळून घोडीसकट कूलर मधल्या खोलीतून आतल्या खोलीच्या खिडकीत नेला. ओली हवा थेट डब्यावर नको म्हणून तोंड जरा तिरकं ठेवलं. दोन बादल्या पाणी ओतलं. पाच मिनिटं धूळ, मग गवताचा वास, मग हवा. आकडा उतरला: ८१. ७६. ७२. दोघंही माझ्याकडे बघत होते. मी काही बोललो नाही. बोललो असतो तरी कूलरपुढे ऐकू आलं नसतं.

त्या रात्री आईनं आपली गादी उचलली आणि आतल्या खोलीत आणली. घरातली एकुलती एक थंड खोली आता ती होती. मागोमाग आम्ही दोघं गेलो. भाचा तिथेच होता. दुसऱ्या दिवसापासून अप्पाही दुपारची डुलकी काढायला यायला लागले. आई साडेनऊला झोपते आणि तिच्यानंतर घरात आवाज चालत नाही, हा नियम आजोबांच्या वेळचा आहे. म्हणून पहिल्याच रात्री पोरगा हेडफोन लावून खेळायला बसला.

"काय रे हे लाल-हिरवं? डोयात येऊन राह्यलं. बंद कर."

दिवे बंद करायला बटण नव्हतं. त्याला एक सॉफ्टवेअर लागत होतं, ते उतरवायला इंटरनेट लागत होतं, आणि राउटर मधल्या खोलीत होता, जिथे आता कोणी जायला तयार नव्हतं. पोरानं इकडेतिकडे बघितलं आणि आजीचीच धुवट नऊवारी दोन घड्या करून कॅबिनेटवर टाकली. बाजूची काच झाकली, दिवे झाकले. जाळीही झाकली.

पाऊण तासानं मला जाग आली ती त्याच्या हलवण्यानं.

"पप्पा," तो कानात ओरडत होता, "९७ झालं!"

"झोप," मी म्हणालो. "सकाळपर्यंत उतरेल."